इन्फ्लेमेबल

इन्फ्लेमेबल : ‘सहज पेट घेणारे’ या अर्थाचे इंग्रजी विशेषण. ‘फ्लेमेबल’ हा त्याचा समानार्थी शब्द. रूपावरून मात्र दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध वाटतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

‘इनव्हिजिबल’ म्हणजे अदृश्य, ‘इनकरेक्ट’ म्हणजे चुकीचे. यांतला ‘इन’ नकारदर्शक आहे. त्याच चालीवर ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा समज होतो. पण या शब्दातला ‘इन’ वेगळा आहे. लॅटिनमधील ‘इन्फ्लामारे’ (पेटवणे) या क्रियापदातून तो आला असून तिथे त्याचा अर्थ ‘आत, मध्ये’ असा आहे. मराठीतही एकाच रूपाचे दोन उपसर्ग सापडतात : ‘निवास’, ‘निबंध’ यांतला ‘नि’ वेगळा आणि ‘निनावी’, ‘निकामी’ यांतला वेगळा.

‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. ‘फ्लेमेबल’ एकोणिसाव्या शतकातला. विसाव्या शतकात अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी हा धाकटा शब्द पुढे आणला, कारण टाकीवरची पाटी चुकीची वाचली तर जीव जाऊ शकतो. आज मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ‘फ्लेमेबल’ हाच शब्द आहे आणि त्याच्या उलट ‘नॉनफ्लेमेबल’. भारतात टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ अजूनही सर्रास दिसते. फ्रेंचमध्ये ‘इन्फ्लामाब्ल’ म्हणजे पेटणारे आणि ‘इनइन्फ्लामाब्ल’ म्हणजे न पेटणारे. तिथे नकार वेगळा लावलेला असल्याने घोळ होत नाही.

लाक्षणिक अर्थाने मात्र जुनाच शब्द चालतो. भडक माथ्याच्या माणसाला ‘इन्फ्लेमेबल’ स्वभावाचा म्हणतात, ‘फ्लेमेबल’ नाही. ‘इन्फ्लेमेटरी’ आणखी निराळा : भाषणाला लावला तर चिथावणीखोर, वैद्यकात दाहासंबंधी. पहिला शब्द स्वतः पेटणाऱ्याला, दुसरा पेटवणाऱ्याला.

खरी बारकाईने पाहण्याची जोडी आहे ‘फ्लेमेबल’ आणि ‘कम्बस्टिबल’. बोलताना दोन्ही ‘जळणारे’ या अर्थाने येतात, पण द्रवांच्या बाबतीत त्यांच्यामध्ये मोजमापाची रेषा आहे. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्या किमान तापमानाला पुरेशी वाफ निघून बाहेरच्या ज्योतीने क्षणभर भडका उडतो, तो त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा शून्याखाली सुमारे ४०° से., शुद्ध इथेनॉलचा सुमारे १३° से.; खाद्यतेलांचा २५०° से.च्याही पुढे. म्हणून तेल ‘कम्बस्टिबल’ आहे, पण त्याला ‘फ्लेमेबल’ म्हणत नाहीत. अमेरिकेतील अग्निसंहितेत ही सीमा ३७.८° से. (१००° फॅ.) धरली जाते, तर मालवाहतुकीत ‘फ्लेमेबल’ द्रवांसाठी सर्वसाधारणपणे ६०° से. भारताच्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने अशी विशेषणे न लावता ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे वर्ग केले : २३° से.च्या खाली, २३ ते ६५ आणि ६५ ते ९३. यात शब्दाच्या अर्थावरून वाद होण्याची सोयच ठेवलेली नाही, हे बरेच झाले.

फ्लॅश पॉइंट म्हणजे आपोआप पेटण्याचे तापमान नव्हे. डिझेलचा फ्लॅश पॉइंट पेट्रोलपेक्षा बराच वरचा; तरीही ठिणगीशिवाय डिझेल पेट्रोलपेक्षा कमी तापमानाला पेटते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही तो यामुळेच. पांढऱ्या फॉस्फरससारखा पदार्थ हवेत ३०° से.च्या आसपासच आपोआप पेटतो. त्याला ‘पायरोफोरिक’ म्हणतात.

‘नॉनफ्लेमेबल’चा अर्थ ‘निर्धोक’ असा घेणे ही दुसरी नेहमीची चूक. वाहतुकीच्या वर्गीकरणात ऑक्सिजन ‘नॉनफ्लेमेबल’ वायूंत बसतो, कारण तो स्वतः जळत नाही. पण जळणाऱ्याला इतका जोर देतो की त्याच्या सिलिंडरला दुसरी धोकाचिठ्ठीही लावावी लागते. ‘फायरप्रूफ’ आणि ‘फायर रिटार्डंट’ यांतही असाच फरक : दुसऱ्याने आग फक्त मंदावते.

विशेषणाने फसवण्याचे गाजलेले उदाहरण बेंजामिन ली व्होर्फ यांनी दिले. हे भाषाभ्यासक अमेरिकेतील एका अग्निविमा कंपनीत आगीची कारणे तपासण्याचे काम करत. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागत, ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिनधास्त विडी-सिगारेट ओढत. रिकाम्या पिंपात द्रव नसतो, पण वाफ असते आणि तीत हवा मिसळलेली असते. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के पेट्रोलची वाफ असली की ठिणगीने त्या मिश्रणाचा भडका उडून स्फोट होऊ शकतो.

मराठीत ‘फ्लेमेबल’साठी ‘ज्वालाग्राही’ आणि ‘ज्वलनशील’ हे दोन्ही शब्द चालतात. ‘कम्बस्टिबल’साठी ‘ज्वलनक्षम’ ठेवावा. लाकूड ज्वलनक्षम, पेट्रोल ज्वालाग्राही. ‘स्फोटक’ ही वेगळीच जात असून पेट्रोलच्या टँकरवर ‘स्फोटक’ लिहिणे चूक.