कनेक्शन पूल : वेगासाठी आला, लगाम म्हणून राहिला

कनेक्शन पूल म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा: त्यातली एक घ्यायची, काम झालं की परत ठेवायची. तो नव्हता तेव्हा, १९९३ च्या सुमारास आलेल्या सीजीआय पद्धतीत वेब सर्व्हर दर विनंतीला नवी प्रोसेस सुरू करायचा. तिला डेटाबेस लागला तर कनेक्शनही नवंच. नेटवर्कवरची (टीसीपी) जोडणी, पासवर्डची पडताळणी, सर्व्हरवर मेमरी, आणि एक किरकोळ क्वेरी (डेटाबेसला विचारणा) झाली की सगळं बंद. पोस्टग्रेस या डेटाबेसला हे जास्त जड जातं, कारण तो प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोसेसमधल्या हलक्या धाग्यावर, भागवतो.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ओडीबीसी ३.० आणि जावाच्या जेडीबीसी २.० या डेटाबेसशी जोडण्याच्या मानकांमध्ये पूलिंगची सोय आली. कनेक्शन उघडी राहू लागली, आणि त्यातून नवी दुखणी निघाली. मधेच एरर आली की घेतलेलं कनेक्शन परतच जायचं नाही. मायएसक्यूएल निष्क्रिय कनेक्शन आठ तासांनी तोडतो. त्यामुळे रात्रभर शांत असलेल्या अॅप्लिकेशनची सकाळची पहिली विनंती हमखास फसायची. वापराआधी ‘सिलेक्ट १’ ही नाममात्र क्वेरी चालवून बघायची सवय, कनेक्शनला ठरावीक आयुष्य देण्याची पद्धत (जावाच्या हिकारीसीपी या पूल लायब्ररीत मुळात ३० मिनिटं) ही अशा अनुभवांतूनच आली.

खरा घोळ मात्र आकाराचा. पूल मोठा तितका वेग जास्त, हा समज अजून गेलेला नाही. प्रोसेसरचे कोअर आठ असताना दोनशे क्वेरी एकदम सोडल्या तर त्या एकमेकींच्या वाटेत येतात, बाकी काही नाही. पोस्टग्रेसच्या वर्तुळातला जुना ठोकताळा सांगतो: कोअरची दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कने २०१८ मध्ये हिकारीसीपी स्वीकारला, त्याची मूळ मर्यादा अवघी १०. तीही फसवी ठरू शकते: एकाच अॅप्लिकेशनच्या वीस प्रती चालवल्या की २०० कनेक्शन होतात, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा आहे १००.

म्हणून पूल अॅप्लिकेशनबाहेरही गेला, सगळ्या प्रतींसाठी सामाईक. स्काइपमध्ये तयार झालेला पीजीबाउन्सर हा पोस्टग्रेससाठीचा मधला पूल २००७ मध्ये खुला झाला. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (कनेक्शन फक्त एका व्यवहारापुरतं मिळतं) मोजक्या कनेक्शनवर हजारो क्लायंट चालतात, पण सेशनपुरत्या सेटिंग्ज आणि लॉक यांचा भरवसा राहत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरींची) अडचणही २०२३ च्या १.२१ आवृत्तीपर्यंत छळत होती. विनंती आली की तेवढ्यापुरत्या चालणाऱ्या सर्व्हरलेस फंक्शन्सनी तर जवळजवळ सीजीआयचेच दिवस परत आणले, आणि २०२० मध्ये अॅमेझॉनला आरडीएस प्रॉक्सी हा तयार पूल बाजारात आणावा लागला.

२०२१ च्या पोस्टग्रेस १४ ने रिकाम्या बसलेल्या कनेक्शनचा भार बराच हलका केला. एकाच वेळी काम करणाऱ्या कनेक्शनना मात्र कोअर तेवढेच मिळतात, म्हणून पूलचा लगाम राहिलाच.