ताकसिन महाराजांचे स्मारक, वोंगवियन याई

बँकॉकच्या थोनबुरी भागातील वोंगवियन याई या मोठ्या वर्तुळाकार चौकात उभारलेला, थायलंडचा राजा ताकसिन (१७३४–१७८२) याचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा. राजाच्या उजव्या हातात उगारलेली तलवार असून त्याचे तोंड पूर्व किनाऱ्याकडील चांथाबुरी शहराच्या दिशेला आहे.

ही दिशा मुद्दाम निवडलेली आहे. ७ एप्रिल १७६७ रोजी ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही राजधानी जिंकून जाळली. चिनी पित्याचा मुलगा आणि ताक प्रांताचा सुभेदार असलेला ताकसिन त्याआधीच, वेढा फोडून, सुमारे ५०० जणांसह पूर्व किनाऱ्याकडे निसटला होता. चांथाबुरीवर चालून जाण्यापूर्वी त्याने स्वयंपाकाची भांडी फोडायला लावली. आता जेवायचे ते शहर जिंकूनच, असे सैनिकांना बजावले, ही कथा थायलंडमध्ये सर्वांना पाठ आहे. तेथेच गलबते व माणसे जमवून तो परतला, नोव्हेंबरात ब्रह्मी ठाणी उठवली आणि २८ डिसेंबर १७६७ रोजी थोनबुरीत राज्याभिषेक करवून घेतला.

१७८२ मध्ये बंड होऊन त्याला पदच्युत करून ठार मारण्यात आले. गादीवर बसलेल्या त्याच्याच सेनापतीने राजधानी चाओ फ्राया नदीपलीकडे नेली. त्या सेनापतीचे चक्री घराणे आजही सिंहासनावर आहे. अशा राजाचा पुतळा उभारणे नाजूकच होते. थोनबुरीचे लोकप्रतिनिधी थोंगयू फुतफत यांनी ही मागणी १९३४ मध्ये, म्हणजे अनियंत्रित राजेशाही संपल्यावर दोनच वर्षांनी केली, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. १९३७ मध्ये संविधान-उत्सवात पुतळ्याचे निरनिराळे नमुने मांडले गेले. आवडलेल्या नमुन्यापुढच्या पेटीत पैसे टाकायचे, हेच लोकांचे मतदान. पुढे महायुद्ध आडवे आले. अनावरण झाले १७ एप्रिल १९५४ रोजी, राजाच्या मृत्यूनंतर तब्बल १७२ वर्षांनी.

शिल्पकार सिल्पा भिरासरी मूळचे फ्लॉरेन्सचे. जन्मनाव कोर्रादो फेरोची. १९२३ मध्ये सरकारी नोकरीसाठी सयाममध्ये (थायलंडचे जुने नाव) आलेल्या या इटालियनाने पुढे थाई नागरिकत्व घेतले. आधुनिक थाई शिल्पकलेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. चौथऱ्यावरील उठावशिल्पांत राजधानी गमावलेल्या लोकांचा शोक, लढाई आणि नंतरची शांतता दिसते. घोडा दौडत नाही. झेप घेण्याच्या बेतात थबकला आहे, आणि पुतळ्याचे सारे बळ या ताणातच आहे.

दरवर्षी २८ डिसेंबरला येथे सरकारी मानवंदना होते. एरवीही, विशेषतः चिनी वंशाचे, भाविक फुले व उदबत्त्या घेऊन येतात.