जुन्या घरातील मूळ घटक राखण्याच्या विचाराची पार्श्वभूमी

नूतनीकरण करताना घराची मूळ दारे, खिडक्या, फरशी आणि गिलावा शक्य तितका राखावा, हा विचार एकोणिसाव्या शतकातील एका वादातून पुढे आला आणि तो वाद मुळात राहत्या घरांविषयी नव्हताच. फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांनी १८६६ मध्ये असे मांडले की, जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला पूर्णत्वाच्या अशा अवस्थेत आणणे, जी पूर्वी कधी अस्तित्वात नसेलही. इंग्लंडमध्ये चर्चच्या भिंतींवरचा जुना गिलावा याच वृत्तीने खरवडला जात होता. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली आणि जीर्णोद्धाराऐवजी वेळच्या वेळी डागडुजीचा आग्रह धरला. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्याने, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, अशी मर्यादा घातली.

घरांच्या बाबतीत मात्र या तत्त्वांइतकाच सिमेंटचा अनुभव निर्णायक ठरला, आणि माझ्या मते तोच अधिक पटणारा आहे. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ चे; विसाव्या शतकात ते सर्वत्र पोहोचले आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींच्या दरजाही (विटांमधले सांधे) त्यानेच भरल्या जाऊ लागल्या. चुना सच्छिद्र आणि विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल दरजांवाटे बाहेर पडते आणि झीज झालीच तर ती पुन्हा भरता येणाऱ्या दरजांची होते. कठीण सिमेंटने ही वाट बंद केली की ओल विटेतून बाहेर पडू लागते, विटेत क्षारांचे स्फटिक साठतात आणि अखेर विटेचाच दर्शनी भाग पापुद्र्यांनी सुटतो. मजबुतीसाठी केलेली दुरुस्तीच अशा रीतीने भिंतीचे नुकसान करते.

लाकूडकामाबाबतही हेच खरे आहे. खिडकीची चौकट बहुधा पाणी साचणाऱ्या खालच्या टोकाशीच कुजते. तेवढा भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधला, तर उरलेली चौकट आणि फुंकून घडवलेली जुनी, किंचित लहरदार काच दोन्ही टिकतात.

लोक राहत असलेल्या घरात वीज, पाणी आणि उबेच्या सोयी कराव्याच लागतात. ऑस्ट्रेलियातील १९७९ च्या बर्रा सनदेच्या, म्हणजे तिथल्या वारसाजतनाच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या, परंपरेने त्यासाठी आवश्यक तितका, पण कमीत कमी बदल करण्याचे सूत्र रुजवले.