गांजा घातलेलं घरचं खाणं: तूप आधीच होतं, माप फार उशिरा आलं

ज्या देशांत गांजा कायदेशीर झालाय तिथे हल्ली घरी कॅनाबटर, म्हणजे गांजाचा अर्क उतरवलेलं लोणी, करायचं, मग त्याच्या ब्राउनी, कुकीज, पास्ता, काय वाट्टेल ते, अशी टूमच निघालीये, आणि व्हिडिओ बघून वाटतं की हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं फॅड आहे. तसं अजिबात नाहीये. पद्धत इतकी जुनी आहे की आजचं कॅनाबटर म्हणजे नव्या पातेल्यात तोच जुना प्रकार. नवीन काय असेल तर ते मोजमाप, आणि तेही घरच्या स्वयंपाकघरात अजून धड पोचलेलं नाही.

आधी थोडं शास्त्र, म्हणजे पुढचं कळेल. गांजातला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी, तो पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, त्याला तूप, लोणी, तेल, सायीचं दूध असं काहीतरी स्निग्ध लागतं. दुसरं म्हणजे कच्च्या झाडात टीएचसी फारसा नसतोच, त्याचं आम्ल असतं, आणि उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग खरा टीएचसी तयार होतो. म्हणूनच आजचे लोक आधी ओव्हनमध्ये मंद गरम करून घेतात, त्याला डीकार्ब म्हणतात. हा रेणू शुद्ध स्वरूपात वेगळा काढून त्याची रचना सांगितली ती इस्रायलमध्ये, मेशुलाम आणि गाओनी यांनी, 1964 साली. पण स्वयंपाक करणाऱ्यांना त्याची वाट बघायची गरजच पडली नव्हती.

1839 मध्ये कलकत्त्यात विल्यम ओ'शॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरने भांग-गांजावर सविस्तर निबंध वाचला, त्यात माजूम, म्हणजे भांग घातलेली गोड वडी, कसा करतात ते त्याने पायरी पायरीने लिहून ठेवलंय. पाला आणि तूप एकत्र, त्यात पाणी, कोळशाच्या शेगडीवर ठेवायचं आणि पाणी आटेपर्यंत ढवळत राहायचं. पाणी संपलं हे कसं ओळखायचं, तर भांड्याच्या कडेला तूप तडतडायला लागतं. मग गरम असतानाच फडक्यातून पिळून हिरवट तूप वेगळं काढायचं आणि ते साखर-दुधाच्या वड्यांमध्ये घालायचं. आता बघा, पाणी आहे तोवर पाला जळत नाही, उष्णता मिळतेय, आणि अर्क तुपात उतरतोय. आजही पाणी घालूनच कॅनाबटर करणारे भरपूर आहेत. त्या तडतडण्याच्या आवाजाची नोंद करणारा डॉक्टर मला फार आवडतो, कारण तो स्वयंपाक नीट बघत होता.

साधारण त्याच सुमारास फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ मोरो द तूर इजिप्त आणि आसपासच्या भागात फिरून आला आणि दावामेस्क नावाचा हिरवा मुरंबा घेऊन पॅरिसमध्ये प्रयोग करायला लागला. कृती ऐकाल तर तीच: पाण्यात लोणी घालून उकळायचं, चिकट अर्क काढायचा, मग साखर, पिस्ते, दालचिनी वगैरे. 1840 च्या दशकात सीन नदीतल्या बेटावरच्या एका जुन्या हवेलीत लेखक-चित्रकार मंडळी जमायची, तिथे हे दिलं जायचं. तेओफिल गोतिएने 1846 मध्ये लिहिलंय की जेवणाआधी डॉक्टर प्रत्येकाला अंगठ्याएवढा गोळा चमच्याने बशीत वाढत होता, मग कॉफी, मग जेवण, आणि जेवण संपत येईपर्यंत भोवतालच्या माणसांचे चेहरे बदलायला लागले. माप काय, तर अंगठा. त्या गोळ्यात किती काय आहे हे डॉक्टरलाही माहीत असणं शक्य नव्हतं.

पुढे अमेरिकेत 1860 च्या दशकात चक्क हशीशच्या (हे गांजाचंच एक रूप) गोळ्या-कँडीच्या जाहिराती छापून यायच्या, मग विसाव्या शतकात बंदीचा काळ, आणि हे खाणं उघडपणे दिसेनासं झालं. 

परत हा विषय वर आला तो एका कुकबुकमुळे. पॅरिसमध्ये राहणाऱ्या अ‍ॅलिस बी. टोकलसचं पुस्तक 1954 मध्ये आलं, त्यात ब्रायन गायसिन या चित्रकार मित्राने पाठवलेली हशीश फजची कृती होती, ब्रिटिश आवृत्तीत ती छापली गेली आणि अमेरिकन आवृत्तीत गाळली. गंमत म्हणजे लोक तिला ब्राउनीची आजी समजतात पण त्यात चॉकलेट नाही, ओव्हन नाही, भाजणं नाही. खजूर, अंजीर, बदाम, मिरी, जायफळ आणि लोणी, म्हणजे हा सरळसरळ माजूमच आहे. ब्राउनीचं नाव चिकटलं ते 1968 च्या एका हॉलिवूड सिनेमामुळे, ज्याच्या नावातच टोकलस होती.

खरी ब्राउनी मात्र एका वेट्रेसची. मेरी जेन रॅथबन, सॅन फ्रान्सिस्को, जिला सगळे ब्राउनी मेरी म्हणायचे. 1981 मध्ये पोलिसांनी तिच्या घरावर धाड घातली, वय साधारण 58, शिक्षा म्हणून समाजसेवेचे तास मिळाले. पुढे ती एड्सच्या पेशंटना फुकट ब्राउनी वाटायला लागली, कारण त्या पोरांना उलट्या व्हायच्या, भूक मेलेली असायची, आणि सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्ड 86 मध्ये ती स्वयंसेवक होती. 1992 मध्ये परत पकडली गेली आणि त्याच वर्षी शहराच्या सुपरवायझर मंडळाने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनेच, 25 ऑगस्ट हा तिच्या नावाचा दिवस जाहीर केला, हे वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही. 1996 मध्ये कॅलिफोर्नियात वैद्यकीय गांजाला परवानगी मिळाली त्यामागे या बाईचा मोठा हात होता.

पण मापाचा प्रश्न तसाच होता, उलट वाढला. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात 1995 ला सरासरी 4 टक्के टीएचसी होता, 2014 पर्यंत तो 12 टक्क्यांवर गेला. म्हणजे एका ग्रॅममध्ये आधी 40 मिलीग्रॅम, 2014 ला 120. जुन्या कृतीत जो पाव कप लिहिलाय तो तोवर तिप्पट झाला की! त्यात ओढलं तर मिनिटांत कळतं, खाल्लं तर अर्धा तास ते दोन तास काहीच होत नाही, आणि यकृतात टीएचसीचं जे दुसरं रूप बनतं ते जास्त जोरदार असतं, सहा-आठ तास उतरत नाही. काहीच होत नाहीये म्हणून माणूस आणखी खातो, तिथेच घात होतो.

हे सगळ्यांसमोर आलं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात. 1 जानेवारी 2014 ला गांजाची कायदेशीर दुकानं उघडली आणि मार्चमध्ये 19 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने 65 मिलीग्रॅमच्या कुकीचा एक तुकडा खाल्ला, काही वाटेना म्हणून उरलेली संपवली, आणि काही तासांनी चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून उडी मारून गेला. त्यानंतर नियम कडक होत गेले, 10 मिलीग्रॅमचा एक डोस वेगळा दिसला पाहिजे, पाकिटात जास्तीत जास्त 100, नंतर प्रत्येक तुकड्यावर खूण, आणि 2017 पासून प्राण्यांच्या-फळांच्या आकाराच्या गमी (चघळायच्या जेलीच्या गोळ्या) बंद. तरी लहान मुलांचं दुखणं राहिलंच, सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे 2017 मध्ये 207 होत्या, 2021 मध्ये 3,054.

कॅनडाची गोष्ट तर आणखी मजेशीर. तिथे 2009 मध्ये व्हिक्टोरिया शहरात पेशंटच्या क्लबसाठी कुकीज भाजणाऱ्या एका बेकरला पकडलं, केस चालत चालत सुप्रीम कोर्टात गेली आणि 2015 मध्ये निकाल लागला की पेशंटला फक्त सुका गांजा ओढायलाच भाग पाडता येणार नाही, खायचाही हक्क आहे. मग 17 ऑक्टोबर 2018 ला सगळ्या प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला तेव्हा घरी खाणं-पिणं बनवायची परवानगी होती, अट एवढीच की ब्यूटेनसारखी ज्वालाग्राही सेंद्रिय रसायनं वापरायची नाहीत. दुकानातले पदार्थ, पाकिटामागे 10 मिलीग्रॅमची मर्यादा घालून, यायला मात्र अजून वर्षाहून जास्त काळ लागला, त्याचे नियम लागू झाले 17 ऑक्टोबर 2019 ला. म्हणजे वर्षभर मोजून-मापून केलेली कुकी विकणं गुन्हा होता आणि स्वयंपाकघरात अंदाजपंचे केलेली चालत होती.