कालपर्यंत तर नीट चालत होता!

भाच्याचा फोन रात्री साडेदहाला आला. "मामा, बायोस अपडेट केलं आणि पीसीची पार वाट लागली." गेम खेळताना स्क्रीन निळी पडत होती. एक मोठी झिप फाइल उघडताना 'फाइल खराब आहे' असा संदेश यायचा, आणि पुन्हा प्रयत्न केला की तीच फाइल गुमान उघडायची.

मला हे शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं वाटलं. फाइल डिस्कवरच खराब असती तर दरवेळी खराब निघाली असती. एकदा बिघडते आणि एकदा नाही, म्हणजे वाचताना किंवा हिशेब करताना कुठेतरी एखादा बिट (० किंवा १) उलटा पडतोय.

बायोस हा मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या फ्लॅश चिपमध्ये बसलेला प्रोग्राम. आता त्याचं नाव यूईएफआय असलं तरी दुकानात अजून बायोसच म्हणतात. बटण दाबलं की विंडोजच्या आधी हा जागा होतो आणि कुणाला किती व्होल्ट द्यायचे, कुणी किती वेगाने पळायचं हे ठरवतो. तो बदलला की आपण हौसेने लावलेल्या सेटिंग्जही बहुतेक वेळा पुसल्या जातात. रॅमला तिच्या जाहीर, जास्त वेगाने पळवणारी सेटिंग, म्हणजे एक्सएमपी प्रोफाइल, बंद होते. डिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर ते थेट ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठे ठेवलीय हे त्या क्षणी कुणालाच आठवत नाही.

भाच्याचं निदान मात्र तयार होतं. प्रोसेसर जळतोय! त्याने इंटेलचं प्रकरण वाचलं होतं. ते खोटं नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बरेच महिने गूढपणे कोलमडत होते. गंमत म्हणजे काही गेम तेव्हा 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश द्यायचे, आणि लोक बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डवर संशय घ्यायचे. २०२४ मध्ये इंटेलने कारण सांगितलं : मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या, चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतलं सर्किट हळूहळू झिजत होतं. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, ती बायोस अपडेटमधूनच. वॉरंटी दोन वर्षं वाढवली गेली. पण झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही. तिथे अपडेट न करणं हाच धोका होता. भाच्याचा प्रोसेसर मुळात त्या कंपनीचाच नव्हता, त्यामुळे तो धडा तिथेच संपला.

दुसरा संशय पॉवर सप्लायवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसला, आणि नावात पॉवर आहे म्हणून. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तर आपल्याला ठाऊकच होतं.

मी विचारलं, "रॅमच्या स्टिक किती?" चार. दोन पहिल्यापासूनच्या, दोन नंतर स्वस्तात मिळाल्या म्हणून. अपडेटनंतर याने एक्सएमपी पुन्हा चालू करून डीडीआर४ पिढीची रॅम ३२०० च्या वेगावर नेली होती.

३२०० म्हणजे प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट. एका बिटाच्या वाट्याला सुमारे ३१२ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात बोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून संकेत जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. म्हणजे एक बिट वाटेत असतानाच मागून दुसरा निघालेला असतो. त्यात एकाच रेघेवर दोन स्टिक असल्या की संकेत दुसऱ्या स्लॉटवर आपटून थोडा परतही येतो. अशा गर्दीत बिट नेमका कधी वाचायचा हे बायोस सुरुवातीलाच चाचपून ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ च्या काही मशीनवर पहिल्यांदा याला काही मिनिटं लागतात. स्क्रीन काळीच राहते, आणि माणूस घाबरून बटण दाबून ठेवतो. दाबू नये.

नव्या बायोसने हे चाचपणं वेगळ्या रीतीने केलं, की आधीपासूनच काठावर चालणारी रॅम आता काठावरून घसरली, हे बाहेरून कळत नाही. तपासता मात्र येतं. मशीन बंद करून, प्लग काढून, मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवायला सांगितली. सेटिंग्ज मूळपदावर आल्या, एक्सएमपी बंद. मग पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. सकाळी एकही चूक नव्हती. मग फक्त एक्सएमपी चालू केलं, बाकी कशाला हात नाही. चाळीस मिनिटांत चुकांच्या लाल ओळी.

घाई नडते ती इथे. एकाच दिवशी ड्रायव्हर बदलला, विंडोज नव्याने टाकलं, व्होल्टेज वाढवलं, तर काय लागू पडलं ते कळत नाही. शिवाय रॅम चुकत असताना विंडोज टाकणं म्हणजे गळक्या बादलीने टाकी भरणं. टाकताना कॉपी होणाऱ्या फाइलीही त्याच रॅममधून जातात.

"जुनं बायोसच परत टाकू का?" भाच्याने विचारलं. काही बोर्ड मागे जाऊ देत नाहीत. शिवाय कुठल्याही अपडेटचा असतो तोच धोका : चिपवरचं लिखाण अर्धवट असताना वीज गेली तर मशीन सुरू होणं मुश्कील. त्याच्याकडे यूपीएस नव्हता.

आधी नंतरच्या दोन स्टिक काढल्या. ३२०० वर रात्रभर, शून्य चुका. पहिल्या काढून नुसत्या नंतरच्या लावल्या, तरी शून्य. म्हणजे रॅम खराब नव्हतीच. चौघी एकत्र एवढ्या वेगाने पळत नव्हत्या. चारही लावून वेग २९३३ वर आणला आणि पुन्हा रात्रभर चाचणी. ती झिप फाइल त्याने लागोपाठ वीस वेळा उघडून पाहिली. गेममध्ये फरक जाणवला का, असं विचारलं तर म्हणाला, "नाही. पण ३२०० लिहिलेलं बरं दिसायचं."