त्वचेचे प्रकाशजन्य वार्धक्य : आशियाई त्वचा

सूर्यप्रकाशामुळे त्वचेवर अकाली दिसणाऱ्या वयाच्या खुणा आणि त्या लांबवण्यासाठी घेतली जाणारी निगा. गोऱ्या युरोपीय त्वचेवर वय आधी सुरकुत्यांतून दिसते. जपानी, चिनी किंवा भारतीय त्वचेवर ते आधी रंगातून दिसते. गालांवर वांग म्हणजे तपकिरी चट्टे, तोंडाभोवती काळपटपणा, डोळ्यांखाली बारीक काळे मस हे सुरकुत्यांच्या बरेच आधी येतात. बाजारातली बहुतेक क्रीम मात्र सुरकुत्यांचीच भीती दाखवून खपतात.

रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी सगळ्या माणसांत साधारण सारख्याच असतात. सावळ्या त्वचेत मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण मोठे आणि जास्त असल्याने अतिनील किरण अडतात, खालचे कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारे प्रथिन, टिकते. पण या पेशी चिडतातही लवकर. पुटकुळी फोडली, वॅक्सचा चटका बसला, की डाग राहिलाच. ‘आशियाई त्वचा’ हा प्रकारही ढोबळच आहे. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढलेल्या, त्वचा उन्हात कशी भाजते-रापते यावरच्या वर्गीकरणात कोरियन त्वचा बहुधा तिसऱ्या-चौथ्या प्रकारात येते, तर आपल्याकडची बरीचशी चौथ्या-पाचव्या. त्यामुळे कोरियातले त्वचेच्या निगेचे दिनक्रम इकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

निगेतला मोठा वाटा उन्हापासून बचावाचा. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपुरता असतो. काचेतून आत येणाऱ्या यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांसाठी जपानने १९९६ मध्ये ‘पीए’ मानांकन आणले आणि २०१३ पासून त्यात चार अधिकचिन्हांपर्यंत श्रेणी केली. वांग असणाऱ्यांना नुसता दृश्य प्रकाशही बाधतो. त्याला लोह ऑक्साइड असलेले, रंगाची छटा दिलेले सनस्क्रीन लागते. झिंकच्या साध्या सनस्क्रीनने गव्हाळ चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो, म्हणून लोक ते चिमूटभरच लावतात. चेहरा-मानेला तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीच्या दोन रेघा लागतात. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुलींच्या स्कार्फची थट्टा कितीही होवो, घट्ट विणीचे कापड हा चांगलाच उपाय आहे.

औषधांत ट्रेटिनॉइन या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातल्या औषधाचा आधार भक्कम, पण ते गरोदरपणात वर्ज्य. सावळ्या त्वचेवर ते कमी मात्रेत, एक-दोन रात्रींआड सुरू करतात. जळजळ झाली तर नवा डाग पडतो. रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल वांगावर उपयोगी पडते, हे जपानमध्ये १९७९ च्या सुमारास पुढे आले. पोटातून घेताना मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा धोका डॉक्टर आधी पडताळतात.

भारतात खरे नुकसान होते ते ‘गोरेपणा’च्या नावाखाली लावलेल्या स्टेरॉइड मलमांनी. मेडिकलवाल्याने किंवा शेजारणीने सुचवलेली ट्यूब पंधरवड्यात चेहरा उजळवते. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर केंद्र सरकारने बंदी आणली, तरी ती सर्रास मिळतात. ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग होते, म्हणून ती पुन्हा लावली जाते आणि सुटायला कित्येक महिने लागतात.