५-एचटी३ आणि ५-एचटी४: आडनाव एक, गोत्र वेगळं

सेरोटोनिन म्हटलं की आपल्याला मूड आणि नैराश्य आठवतं. पण शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, बहुतेक अस्तरातल्या एंटेरोक्रोमाफिन पेशींत. तिथे त्याला भेटणारे दोन रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे निरोप घेणारे प्रोटीन, औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हमखास चकवतात: ५-एचटी३ आणि ५-एचटी४ (५-एचटी हे सेरोटोनिनचंच रासायनिक नाव). आकडे लागोपाठचे, मुक्काम एकाच आतड्यात, औषधंही दोघांची पोटाचीच. म्हणून ते सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचं नातं फक्त आडनावापुरतं आहे.

५-एचटी३ हा दरवाजा आहे. पाच तुकड्यांची ही नळी सेरोटोनिन चिकटताच उघडते, सोडियम आत शिरतं आणि काही मिलिसेकंदांत मज्जातंतू पेटतो. सेरोटोनिनच्या सात रिसेप्टर-कुटुंबांपैकी असा आयनमार्ग, म्हणजे विद्युतभारित कणांना वाट देणारी नळी, हे एकच. त्याची खरी भावकी स्नायूंवरच्या निकोटिनिक रिसेप्टरशी आहे, जो ॲसिटिलकोलिन या निरोप्या रसायनाने उघडतो.

५-एचटी४ मध्ये दारच नाही. सेरोटोनिन बाहेरून चिकटतं आणि आतल्या बाजूला जी-एस नावाचं निरोप पुढे नेणारं प्रोटीन जागं होतं. मग सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि पुढे प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम कामाला लागतं. निरोप हातोहात जातो, म्हणून वेळ लागतो. पण वाटेत तो मोठा होत जातो. आतड्यातल्या मज्जातंतूंच्या टोकांशी त्यामुळे ॲसिटिलकोलिन जास्त सुटतं आणि आतड्याच्या हालचालीला जोर येतो.

औषधांत हा फरक लख्ख दिसतो. कॅन्सरवरच्या सिस्प्लॅटिनमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन ओततात, ते पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेवरचे ५-एचटी३ उघडतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र खवळतं. ऑन्डान्सेट्रॉन हे दार बंद ठेवतं. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये मान्यता मिळाली आणि केमोथेरपी सोसणं कितीतरी सुसह्य झालं. माझ्या मते औषधशास्त्रातल्या सर्वांत दयाळू शोधांपैकी हा एक. प्रुकॅलोप्राइड नेमकं उलट, म्हणजे ५-एचटी४ चेतवून जुनाट बद्धकोष्ठ हलवतं. ऑन्डान्सेट्रॉन घेणाऱ्याला मात्र बद्धकोष्ठाचाच त्रास होऊ शकतो.

या गोंधळात भर घातली मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या औषधाने. ते डोपामिन हे मेंदूतलं आणखी एक निरोप्या रसायन अडवतं, ५-एचटी४ चेतवतं आणि मोठ्या डोसमध्ये ५-एचटी३ ही अडवतं. सिस्प्लॅटिनच्या उलट्यांपुढे निव्वळ डोपामिन अडवणारी औषधं फिकी पडत, पण मोठ्या डोसमधलं मेटोक्लोप्रमाइड चाले. ५-एचटी३ कडे बोट दाखवणारा हा मोठा धागा ठरला.

आणखी एक गैरसमज सिसाप्राइडचा. ५-एचटी४ चेतवणारं हे औषध हृदयाची लय बिघडवतं म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झालं, आणि खापर रिसेप्टरवर फुटलं. दोष होता हृदयातल्या एचईआरजी या पोटॅशियम मार्गाला सिसाप्राइड अडवत होतं याचा. प्रुकॅलोप्राइड नेहमीच्या डोसमध्ये तसं करत नाही. उलट ५-एचटी३ च्या बाजूचं ऑन्डान्सेट्रॉन मात्र त्याच मार्गाला धक्का लावतं, म्हणून त्याचा शिरेतून एकदम द्यायचा ३२ मिलिग्रॅमचा डोस अमेरिकेत २०१२ मध्ये काढून टाकावा लागला.